चूलबंद आवतन

जिंतूरकडून कापूस घेऊन आलेल्या गाड्या परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, शिरल्या तेव्हा दिवस कलला होता. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे, वाईट दिवस. अंधार पडल्यावर रस्त्यानं कोण भेटेल आणि काय विचारील याचा नेम नव्हता, म्हणून गाडीवानांनी मोंढ्यातल्या जुन्या गोदामातच मुक्काम टाकला. बैल सोडले, भाकरी खाल्ल्या. दाराशी कुणाच्या तरी जुन्या वहाणा पायात येत होत्या, त्या रायभान नावाच्या तरुण गाडीवानानं पायानंच उडवून समोरच्या उकिरड्यावर घालवल्या. मग सगळे कापसाच्या ढिगाला टेकून बसले.

म्हातारे माणिकराव मापाडी कंदील घेऊन आले. उभ्या मोंढ्याचा कापूस त्यांच्याच हातानं तोलला जायचा. गाडीवान पोरांनी त्यांना धरून बसवलं.

"आबा, झोप येईना. सांगा की कायतरी."

"सांगतो. पण मधी उठून बाहेर जायचं न्हाई. ज्याला जायाचं आसंल त्यानं आत्ताच जाऊन या. मागून मला म्हणू नका, आबा, संगं चला."

पोरं हसली. माणिकराव हसले नाहीत.

"गोष्ट ह्याच गोदामातली हाय. मुंजाजी नावाचा राखणदार व्हता इथं. गेल्या साली गेला बिचारा. त्यानं मला जशी सांगितली तशी सांगतो, पदरचं एक अक्षर घालत न्हाई."

आणि माणिकरावांनी सांगितलं ते असं.

साल फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे चार-पाच वर्षांमागचं. लढाई चालू होती, रॉकेल चिठ्ठीवर मिळत होतं, आणि हे गोदाम रिकामं पडलं होतं. अशा वेळी हैदराबादच्या काही नव्या दमाच्या चित्रकारांच्या मनात आलं, की आपल्या तसबिरी जिल्ह्याच्या लोकांनीही पाहाव्यात. आलं मनात, दुसरं काय! पेट्या रेल्वेनं आल्या, भिंती शेणामातीनं लिंपल्या गेल्या, खिळे ठोकले गेले आणि दारावर उर्दूत आणि मराठीत नुमाइशीची, म्हणजे प्रदर्शनाची, पाटी लागली. सगळी व्यवस्था बघायला बन्सीधर नावाचा तरुण आला होता. अंगात शेरवानी, डोळ्याला चष्मा, आणि स्वभावानं इतका भाबडा की मोंढ्यातल्या हमालांनासुद्धा त्याला फसवायची लाज वाटायची.

बन्सीधर नुसत्या तसबिरी टांगून बसला नाही. रोज संध्याकाळी हातात छडी घेऊन तो एकेका तसबिरीपुढं उभा राहायचा आणि ती कशी बघायची ते समजावून सांगायचा. दुपारची वेळ फक्त बायकांसाठी ठेवली होती, तेव्हा दाराला पडदा लागायचा. पोरांना कागद आणि कोळशाचे तुकडे देऊन तो म्हणायचा, काढा मनात येईल ते. सुरुवातीला गर्दीही झाली. लोक वहाणा बाहेर काढून, हात जोडून आत यायचे, कारण तसबीर म्हटली की ती देवाचीच. "वहाणा राहू द्या, हे देऊळ नव्हे," असं बन्सीधर घसा फोडून सांगायचा आणि कुणी ऐकायचं नाही. आत बघावं तर देव एकही नाही. एक माणूस हिरव्या तोंडाचा. एका कापडावर नुसतं तांबडं रान आणि त्यातून गेलेली काळी रेघ. "ह्याला काय कावीळ झालीय का?" एकानं विचारलं, बाकीचे हसले, आणि ते हसणं बाजारभर झालं. पुढं पुढं गोदामात बन्सीधर, त्याची छडी आणि मुंजाजी एवढेच उरले.

मुंजाजी जातीचा धनगर. मूळचा खारवडीचा. खारवडी पेडगावच्या वाटेवर होती. होती म्हणायचं, कारण पटकीच्या साथीच्या साली ते गाव आठवड्याभरात उठलं. सरकारी माणसांनी मेलेल्यांवर चुना टाकून त्यांना घाईघाईनं मातीआड केलं, जगले ते वाट फुटेल तिकडं गेले, आणि घरांच्या भिंती तेवढ्या मागं राहिल्या. मुंजाजी तेव्हा मेंढरं घेऊन लांब गोदाकाठाला गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि बायकोला मातीत जाऊन पंधरवडा झाला होता.

तिचं तोंड त्याला शेवटचं बघायला मिळालं नाही. आपल्यात मेलेल्या माणसाचं तोंड बघितल्याशिवाय त्याला हलवत नाहीत. कितीही लांबचा माणूस असो, वाट बघतात. मुंजाजीची वाट कुणी बघितली नाही, बघायला कुणी उरलंच नव्हतं. त्यानं मेंढरं विकली आणि मोंढ्यात हमाली धरली. लेकरूबाळ नव्हतं. रात्री पडल्या पडल्या तो बायकोला आठवायचा. तिचे हात आठवायचे, हातावरचं गोंदण आठवायचं, बोलणं तर कानात असायचं. पण वर्षं गेली तसं तिचं तोंड येईनासं झालं. नाक आठवलं तर डोळे जायचे. डोळे आठवले तर ते दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. एकटं असणं माणूस सोसतो हो. पण ज्याच्यासाठी एकटं राहायचं त्याचं तोंडच मनातून पुसलं जावं, हे फार वाईट.

नुमाइशीच्या पेट्या उघडायला जे हमाल लावले होते त्यांत मुंजाजी होता. एक पेटी उघडली आणि त्याच्या हातातली पहार खाली पडली.

तसबिरीत खारवडीचा पाणवठा होता. तीच विहीर, तीच चिंच, पाणी साठायच्या दगडी थारोळ्याचा फुटका कोपरासुद्धा तोच. पटकीच्या आदल्या साली हैदराबादचा एक चित्रकार येऊन चिंचेखाली बसला होता, हे मुंजाजीला आठवलं. पाण्याला आलेल्या बाया त्यानं काढल्या होत्या. कस्तुरामाय होती, मनकर्णा होती, किशनरावाच्या दोघी सुना होत्या. सगळ्यांची तोंडं लख्ख. फक्त एक बाई कडेला उभी होती, कमरेवर घागर, डोक्यावर पदर, आणि पाठ फिरवलेली.

ती मुंजाजीची बायको. परक्या माणसाला कशाला तोंड दाखवायचं, म्हणून हसत हसत पाठमोरी झाली होती ती. घरी येऊन तिनंच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मुंजाजीनं हमाली सोडली आणि बन्सीधर देईल त्यावर नुमाइशीची राखण धरली. रात्री सगळं सामसूम झालं की तो कंदील घेऊन त्या तसबिरीपुढं बसायचा. बसून बसून त्याला वाटायचं, आता वळेल. आपण आलोय हे कळल्यावर ही मान वळवील. वेडेपणाच तो. पण कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या सकाळी बन्सीधर चष्मा पुसत बसला होता.

"मुंजाजीमामा, आवरायला घ्यावं लागेल. उद्या पहाटेच्या गाडीनं पेट्या परत न्या, असा वरून हुकूम आलाय."

"आजून चार रोज ऱ्हाऊ द्या की, साहेब."

"कुणासाठी ठेवू? भिंतींसाठी? बघणारं कुणी नसेल तर ही नुसती रंग लावलेली कापडं आहेत." मग त्याला मुंजाजीच्या तोंडाकडं बघवेना. "हे बघा, आज रात्रीपर्यंत माणसं आणा. फार नकोत, चार बैलगाड्या भरतील एवढी आणा. लोक खेड्यांवरून येतायत म्हणून मी वर सांगतो. महिनाभर तरी मुदत वाढवून घेतो."

"आणतो," मुंजाजी म्हणाला.

आणि तो पेडगावला निघाला. आता येळवशीला माणसं गोळा करायला निघणं म्हणजे आषाढात धूळ शोधण्यातला प्रकार. त्या दिवशी आख्खा मुलूख शेतात जेवायला जातो. कडब्याची खोप, खोपीत पुजलेले दगडांचे पाच पांडव, आंबील, भज्जी, उंडे. गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. पण मुंजाजीला दुसरा दिवस नव्हता. त्यानं पेडगावात प्रत्येक कुलूप घातलेल्या दारापुढं उभं राहून, घरधन्याचं नाव घेऊन, रीतसर आवतन दिलं. साधं नव्हे, चूलबंद. म्हणजे त्या घरात त्या वेळी चूल पेटायची नाही, रांगतं पोरही घरी राहायचं नाही, सगळ्यांनी यायचं. लग्नाकार्याला देतात ते. तसबिरींना असलं आवतन आजवर कुणी दिलं नसेल.

मग तो शेतांतून फिरला. चंद्रभान नावाचा ओळखीचा कुणबी होता, त्यानं त्याला ओढून खोपीत बसवलं.

"बस, आंबील पी. कामून पळायलास असा?"

"तसबिरी बगायला चला, चंद्रभानभाऊ. सगळे चला."

"आज? तिथं जेवन हाय का?"

"जेवन न्हाई. बगायचं हाय."

"मग बग की तू! तुझ्यामागं ना लेकरू ना ढोर. आमाला लय कामं हायती बाबा."

खोपीतले सगळे हसले. मनानं वाईट नव्हती ती माणसं. त्यांनी त्याला पोटभर जेवू घातलं, वर बांधूनही दिलं. पण आलं कुणी नाही.

परत निघाला तेव्हा दिवस बुडत होता. येळवशीच्या संध्याकाळी गवताच्या चुडी पेटवून शेताभोवती फिरवतात, तशा लांब लांब चुडी फिरायला लागल्या होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती. त्यातली एक चूड त्याला खारवडीच्या रानात दिसली. शिवेवरचा कुणी असेल, असं त्याला वाटलं.

खारवडीत तो पाणवठ्यावर टेकला. अंधार उतरत होता. समोर पडक्या भिंती. आणि मुंजाजीला एकदम रडू फुटलं. दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून, हसं करून घेऊन, रिकाम्या हातानं चालला होता तो. पहाटे ती तसबीर जाणार होती. त्यानं डोळे पुसले आणि त्या भिंतींकडं बघून म्हणाला,

"तुमी तरी या रे. तुमचीच तसबीर हाय तिथं. तुमीच बगा."

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण दिवसभराची सवय पायांत होती. तो उठला आणि पहिल्या दारापुढं जाऊन उभा राहिला. "धोंडीबा पाटील… चूलबंद आवतन हाय. आज रातच्याला तसबिरी बगायला परभणीला यावं." पुढचं दार. "किशनराव… चूलबंद आवतन हाय." कस्तुरामायचं दार. मनकर्णेचं दार. असं करत करत आख्खं गाव त्यानं पालथं घातलं. एकही घर सोडलं नाही.

शेवटी स्वतःच्या घराशी आला. छप्पर बसलं होतं, चौकट उभी होती. तो उंबऱ्यावर घडीभर टेकला. काही बोलला नाही. आपल्याच घरी आवतन कोण देतं? घरच्यांना का बोलवावं लागतं? तो उठला, धोतर झटकलं आणि परभणीची वाट धरली.

रात्री बन्सीधर बिऱ्हाडावर झोपायला गेला. पहाटे हमाल घेऊन येतो म्हणाला. मुंजाजीनं दाराला आतून कडी घातली आणि पाणवठ्याच्या तसबिरीपुढं घोंगडी टाकली. शेवटची रात्र. कंदिलात रॉकेल थोडंच होतं, वात त्यानं बारीक केली. बाहेर थंडी कडाक्याची. मोंढ्यातले चौकीदारही कुठं तरी शेकत बसले असावेत, कारण हाका बंद झाल्या होत्या.

मध्यरात्र उलटली असेल. मुंजाजीचा डोळा लागत होता. बाहेर आवाज झाला. कुणीतरी दाराशी वहाणा काढल्या.

मग आणखी कुणीतरी काढल्या. मग पुष्कळांनी.

मुंजाजी ताडकन उठला. त्याला आधी आनंदच झाला. पेडगावचे आले! जेवणंखाणं आटपून, गाड्या जुंपून आले बिचारे. मग त्याच्या लक्षात आलं, गाडी आल्याचा आवाज झालाच नाही. बैलाची घुंगरं नाहीत. पोरांची चुळबुळ नाही.

"कोण हाय?"

बाहेरून बाईमाणसाचा आवाज आला. म्हातारा. ओळखीचा.

"मुंजा… आलाव आमी."

त्यानं कडी काढली.

थंड हवेबरोबर चुन्याचा ओला वास आत आला. पुढं धोंडीबा पाटील. पटका बांधलेला. पटक्यावर, खांद्यांवर, भुवयांवर चुना. त्यांच्या मागं किशनराव. त्यांच्या मागं सुना, पोरं, म्हातारी माणसं… सगळं गाव. सगळ्यांच्या केसांत चुना. कुणी बोलत नव्हतं. सगळी मुंजाजीकडं बघत उभी होती. आवतन देणाऱ्यानं 'या' म्हणावं म्हणून.

पळायला वाट नव्हती. दार एकच, आणि दारात ते. पण आणखीही एक गोष्ट होती. बोलावलं त्यानंच होतं.

"या," तो म्हणाला.

ते आत आले.

त्यानं वात मोठी केली. सावल्या भिंतीवर हलत होत्या. सावल्या त्याच्या एकट्याच्या आणि तसबिरींच्या. तो पुढं झाला आणि बन्सीधर करायचा तसं एकेका तसबिरीपुढं कंदील धरत चालला. ते मागून चालले. हिरव्या तोंडाच्या माणसापुढं थांबले. कुणी हसलं नाही. धोंडीबा पाटील त्या हिरव्या तोंडाकडं किती तरी वेळ बघत राहिले. तांबड्या रानापुढं थांबले. तिथंही कुणी हसलं नाही. जिवंत माणसांनी जे कधी बघितलं नाही ते ही माणसं डोळे भरून बघत होती. बन्सीधरनं हे बघायला हवं होतं, असं मुंजाजीच्या मनात येऊन गेलं. भीतीतसुद्धा माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

मग पाणवठा आला.

सगळे थांबले. बाया पुढं झाल्या. मनकर्णेनं बोट उचललं आणि तसबिरीतल्या आपल्या गालाला लावलं. किशनरावाच्या सुना एकमेकींकडं बघत राहिल्या. कुणी रडलं नाही. रडणं त्यांच्याजवळ उरलेलं नसावं.

मुंजाजी त्यांच्याकडं बघत नव्हता. तो कंदील उंच करून मागची तोंडं बघत होता. एकेक. पुन्हा एकेक. दाराकडं बघितलं. दार रिकामं होतं.

ती आली नव्हती.

कस्तुरामाय त्याच्या अगदी जवळ उभी होती. शेजारीण होती ती त्यांची.

"माय… आमच्या घरचं?"

कस्तुरामायनं मान वळवली. डोळ्यांतही चुना होता.

"तिला आवतन न्हाई."

"माय…"

"दारात यिऊन बसलास तू. ती आत उठून उभी ऱ्हायली. पदर सारका केला." कस्तुरामाय थांबली. "…अन् तू उठून गेलास."

मुंजाजीला पुढचं नीट आठवत नव्हतं. ते कसे गेले, कधी गेले… वहाणा पायांत घातल्याचा आवाज झाला, एवढंच. दार उघडं होतं. कंदील हातात होता. आणि तो वाटेवर पळत होता.

खारवडीला पोचला तेव्हा चांदण्या कलल्या होत्या. स्वतःच्या चौकटीपुढं उभा राहिला. छाती भात्यासारखी हलत होती. आत काळोख.

"ऐकलं का?" तो म्हणाला. संसारभर त्यानं तिला तशीच हाक मारली होती.

काही नाही.

"घरात कोण हाय का?"

काही नाही.

आवतन नाव घेऊन द्यावं लागतं. आणि बायकोचं नाव त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ओठ हलेनात. त्यानं कंदील खाली ठेवला. दोन्ही हात जोडले.

"सुगंधा…"

कुठं तरी भिंतीची माती सुटून पडली.

"सुगंधा, चूलबंद आवतन हाय तुला. तसबिरी बगायला यावं."

आणि तो माघारी फिरला. परभणीच्या वाटेवर त्याच्या पायांतल्या वहाणा वाजत होत्या. थोड्या अंतरावर, मागं… आणखी एक जोड वाजत होता. बारीक. तो थांबला की थांबायचा. एकदा त्यानं धीर करून कंदील मागं धरला. पांढरी वाट होती. वाटेवर कुणी नव्हतं. तो परत चालायला लागला, आणि तो जोडही चालायला लागला.

स्टेशनाजवळ आला आणि गाडीची शिट्टी ऐकू आली.

बन्सीधर येऊन गेला होता. उघडं दार, राखणदार गायब, हे बघून काय समजायचं ते त्यानं समजून घेतलं असेल. पेट्या भरल्या आणि नेल्या. ते हमाल माणिकरावांच्याच हाताखालचे होते. मुंजाजी गोदामात शिरला तेव्हा आत काही नव्हतं. चार भिंती आणि खिळे.

तो मधोमध उभा राहिला. इतक्या लांबून बोलावून आणलं, आणि दाखवायला काही नाही.

मागं दाराशी कुणीतरी वहाणा काढल्या.

एकच जोड.

मुंजाजी वळला नाही. अंगावर काटा होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यानं कंदील उचलला आणि पहिल्या खिळ्यापुढं जाऊन उभा राहिला.

"इथं एक हिरवा माणूस व्हता," तो म्हणाला. "लोकं लय हसायची."

दुसरा खिळा.

"इथं रान व्हतं. तांबडं. आपल्या खालच्या रानावानी."

असा एकेका खिळ्यापुढं थांबत, रिकाम्या भिंतीवर उजेड धरत, तो सगळं सांगत गेला. मागं बांगड्या किणकिणायच्या… थांबायच्या. शेवटचा खिळा आला.

"इथं आपला पाणवठा. ही कस्तुरामाय. ही मनकर्णा. अन् इथं कडंला…"

कंदिलातलं रॉकेल संपत आलं होतं. ज्योत मोठी झाली. खांद्याशी कुणीतरी आलं.

"…इथं कडंला तू," मुंजाजी म्हणाला, आणि वळला.

माणिकराव बोलायचे थांबले.

बाहेर एक बैल फुरफुरला.

"मग?" रायभाननं विचारलं.

"मग काय? कंदील इझला."

"दिसलं का तोंड?"

"मीबी इचारलं. बोलला न्हाई. पर एक सांगतो. त्याच्या आदी कवा इचारलं, मुंजाजी, कशी व्हती रे तुझी बायको, तर नुसता छताकडं बगायचा. त्या दिसापसून इचारलं तर म्हणायचा, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खांडुळी व्हती, धाकटी आसताना शेळीनं ढुशी दिल्याली. हसली की उजव्या गालाला खळी पडायची. समोर बसल्यावानी सांगायचा. मरंपतोर हे गोदाम सोडलं न्हाई त्यानं. गोदाम रिकामंच पडून ऱ्हायचं, पर रातच्याला दाराला कडी घालायचा न्हाई."

"कामून?"

"ती आत आली ती मी बगितली, म्हणायचा. भाईर गेल्याली न्हाई बगितली. तिच्या वहाणा तवापसून दाराशीच हायती. डाव्या वहाणेचा पट्टा तुटला व्हता, मेंढरं घिऊन निगायच्या सकाळी मुंजाजीनंच काळ्या लोकरीनं शिवून दिल्ता. म्हणून त्यानं वळखल्या. हमाल ढकलत्यात त्या, झाडणारी टाकून देती. आमी आता काय बोलत न्हाई."

रायभानच्या तोंडाचं पाणी पळालं. तो बाकीच्या पोरांकडं बघायला लागला. कुणी त्याच्याकडं बघेना.

"आबा… सांजच्याला मी… उकिरड्यावर…"

"बगितलं मी," माणिकराव म्हणाले. त्यांनी कंदील त्याच्यापुढं सरकवला. "जा. बगून ये."

रायभान उठला. दारापर्यंत गेला. कंदील खाली धरला आणि तसाच वाकून राहिला.

"रायभान?"

बाकीची पोरं त्याच्या मागं येऊन उभी राहिली. पोरांच्या वहाणांच्या राशीच्या जरा बाजूला दोन लहान वहाणा जोडीनं ठेवलेल्या होत्या. तोंडं आतल्या बाजूला. डाव्या पट्ट्यावर काळ्या लोकरीचा टाका होता.